एकेचाळीस सेकंद

मास्तर शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते, पण तिसऱ्या मजल्यावर त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं. खालच्या मजल्यावर शहरभरचे तातडीचे फोन येत. कुणाच्या छातीत कळ, कुणी जिन्यावरून पडलेलं. फोन घेणारी माणसं पत्ता विचारत, पडद्यावरचं ‘पाठवा’ हे हिरवं बटण दाबत, आणि जवळची रुग्णवाहिका निघे. हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चाले तो वरच्या सहा जणांचा, आणि त्या सहांत सगळ्यात जुने मास्तर. कुणीही नवीन आलं की पहिल्या आठवड्यात त्याला मास्तरांचं एक व्याख्यान ऐकावंच लागे.

व्याख्यान पसाऱ्यावर असे. प्रोग्रॅम चालताना मेमरीत सारखा पसारा होतो, आणि तो आवरायला प्रोग्रॅमच्या पोटातच एक सफाईवाला असतो. तो आला की सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. मग तो टाकाऊ उचलतो, कामाच्या वस्तू सरकवून नीट लावतो आणि कुठली वस्तू कुठे गेली ते सगळ्यांना कळवतो. भानगड होते ती बाहेरच्या कामांची. वेग हवा म्हणून काही कामं दुसऱ्याच भाषेत, यंत्राच्या थेट जवळ लिहिलेली असतात. ती वस्तू सरळ हातात धरतात. धरलेली वस्तू सरकवली तर हातात भलतंच येणार, म्हणून जोवर कुणी काही धरून आहे तोवर सफाईवाला दारात थांबतो, आणि ज्यांना नवी जागा हवी ते सगळे त्याच्यामागे ताटकळतात.

“घरात माणसं सात आणि संडास एक,” मास्तर सांगत. “आत गेलात तर काम उरकायचं आणि बाहेर यायचं. आत पेपर वाचत बसायचं नाही. धरलेलं असताना कुणाचीही वाट बघायची नाही. जो बघेल त्याला मी स्वतः घरी पाठवीन.”

पोरंपोरी हसत आणि नियम लक्षात ठेवत. मास्तर मात्र दुसऱ्याच्या कामातली एवढीशी चूक दिसली की अर्धा तास नाकाने कांदे सोलत.

वहिनी खालच्या मजल्यावर फोन घेत. थोरला भाऊ गेल्यावर मास्तरांनीच त्यांना इथे चिकटवलं होतं, आणि दोघांची घरंही एकाच मजल्यावर, समोरासमोर. मास्तरांचं लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे संध्याकाळचं जेवण वहिनींकडे. नऊ वर्षं वहिनींनी लोकांचे हंबरडे कानात घेतले आणि आवाज कधी चढू दिला नाही. खाली नवीन कुणी गांगरलं की त्याला वहिनींच्या शेजारी बसवत.

अशा बाईच्या हातून माणूस गेलं, असं म्हणायची वेळ आली.

सकाळचा फोन होता, एका सुताराचा. बायकोला श्वास घेता येत नव्हता. वहिनींनी पत्ता घेतला, “गाडी निघाली, दार उघडं ठेवा,” म्हणाल्या, आणि पुढचा फोन घेतला. सुतार दार उघडं ठेवून बसला. अठरा मिनिटांनी त्याने पुन्हा फोन केला तेव्हा कळलं की गाडी कुठूनच निघालेली नाही. मग पाठवलेली गाडी पोचली तोवर बायको गेली होती.

नोंद काढली. त्या कागदावर दोन ओळी होत्या. अकरा वाजून चौदा मिनिटं बावन्न सेकंद, गाडी पाठवली. अकरा वाजून चौदा मिनिटं बावन्न सेकंद, गाडी रद्द. बटण एकच होतं. एकदा दाबलं की पाठवा, तेच पुन्हा दाबलं की रद्द.

वहिनी म्हणाल्या, “असं नाही झालं. मी दाबलं, पडदा हललाच नाही. ‘पाठवा’ तसंच दिसत होतं. मी त्यांना बोललेसुद्धा, दाबलंय पण हलत नाहीये म्हणून. बराच वेळ वाट बघितली, मग पुन्हा दाबलं, तेव्हा क्षणभर हललं. मला वाटलं, गेली गाडी.”

चौकशी समितीने फोनचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात वहिनी पत्ता विचारत होत्या, सुतार सांगत होता, आणि लगेच वहिनींचं ते वाक्य होतं, गाडी निघाली, दार उघडं ठेवा. मध्ये काहीच नव्हतं. वहिनींनी ते दोनदा लावायला सांगितलं.

त्या संध्याकाळी पानं वाढलेली तशीच राहिली. वहिनी आपल्या उजव्या हाताकडे बघत बसल्या होत्या.

“भावोजी, तुम्ही केलेलं मशीन आहे. तुम्ही सांगा. असं होऊ शकतं?”

मास्तरांनी कागद पाहिला. एवढंच केलं त्यांनी, कागद पाहिला. “वहिनी, मशीन खोटं बोलत नाही. एकाच सेकंदात दोनदा. घाबरून बोट दोनदा पडलं असेल. होतं माणसाचं. तुम्ही कबूल करून टाका, नऊ वर्षांचं काम बघून सोडतील.”

“पण मला आठवतंय ना.”

“अशा वेळी आठवणीचा काय भरवसा?”

वहिनींनी दुसऱ्या दिवशी सही केली. माझ्या हातून चुकून दोनदा बटण दाबलं गेलं, असं लिहून दिलं. आणि तिथून त्या घरी आल्या नाहीत, बस धरून सरळ त्या सुताराकडे गेल्या. त्याच्यासमोर उभं राहून सांगून आल्या, की हा हात चुकला. सुताराने बसायला स्टूल पुढे केलं म्हणे, तेवढंच. तेव्हापासून वहिनी भाजी चिरताना, कुलूप लावताना, कुठेही मध्येच थांबत आणि बोट उचलून धरत. समिती शुक्रवारी निकाल देणार होती आणि त्यांना काढून टाकतील हे सगळ्यांना माहीत होतं. नोकरीचं त्या बोलतच नव्हत्या.

बुधवारी मास्तरांना काम मिळालं, की ‘रद्द’च्या आधी मशीनने एकदा विचारावं, अशी सोय करा. म्हणजे खात्यालाही पटलं होतं की असं बटण ठेवणंच मूर्खपणाचं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसंच ते. कामासाठी मास्तरांनी मूळ नोंद उघडली, कागदावरची सेकंदांची नव्हे, आतली.

दोन दाबांमध्ये चार सहस्रांश सेकंदाचं अंतर होतं.

मास्तरांनी टेबलावर बोट आपटून पाहिलं. कितीही घाई केली तरी माणसाचं बोट इतक्यात वर उचलतसुद्धा नाही. म्हणजे दोन्ही दाब कुठेतरी अडकून पडले होते आणि दार उघडल्यावर एकदम आत घुसले होते. आल्या क्षणी मशीनने त्यांच्यावर वेळेचा शिक्का मारला होता. मास्तर तिथे थांबले नाहीत. मागे मागे गेले. अकरा चौदा बावन्नच्या आधी एकेचाळीस सेकंद संबंध प्रोग्रॅममध्ये कुठेच काही घडलेलं नव्हतं. एक फोन नाही, एक बटण नाही. सफाईवाला दारात उभा होता आणि सगळे त्याच्यामागे खोळंबले होते. आत कुणीतरी काहीतरी धरून बसलं होतं.

धरून बसला होता तो फोनचा आवाज दाबून लहान करणारा भाग. तो बाहेरचा, वेगासाठी वेगळा लिहिलेला. आवाजाचा तुकडा हातात धरायचा, दाबायचा, सोडायचा, एवढंच त्याचं काम. धरणं आणि सोडणं यांच्या मधोमध कुणीतरी एक ओळ घातली होती. तुकडा केवढा आहे ते नोंदवहीत लिही, अशी. ती नोंदवही दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर, आणि त्या सकाळी त्या डिस्कवर जुन्या फायलींची हलवाहलव चालली होती. एका ओळीची नोंद व्हायला एकेचाळीस सेकंद लागले. दोघांचं बोलणं तारेवरून थेट चालूच होतं, पण रेकॉर्डिंगसाठीचे आवाजाचे तुकडे तेवढा वेळ येऊन गळून गेले, आणि रेकॉर्डिंग मागचंपुढचं जोडून मोकळं झालं. वहिनी जे बोलल्या होत्या ते तिथेच गेलं.

ओळ कुणी घातली हे प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. मास्तरांना बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी पाहिलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि नाव त्यांचं. वहिनी एकदा वाढता वाढता म्हणाल्या होत्या, भावोजी, लोकांचा आवाज फुटतो हो मध्येच, पत्ता कळत नाही. कुठे फुटतो ते शोधायला म्हणून मास्तरांनी ती ओळ घातली, दोन दिवसांत दोष सापडला, आणि ओळ काढायची राहून गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तरांना स्वतःची इतकी किळस आली की ते उठून नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

विभागप्रमुखाला सगळे थंडोबा म्हणत. आग लागली तरी हा आधी चहा संपवणार. त्याने सगळं ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्नही नेमके विचारले.

“दुसऱ्या कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग ओळ काढ आणि गप्प बस. बाईंनी सही केली आहे. एक माणूस कबूल झालाय, आता दुसरा कशाला? उद्या लोक विचारतील, आणखी कितीदा थांबलं होतं? काय सांगणार आहेस?”

प्रश्न खरा होता. आणखी कितीदा, हे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” थंडोबा म्हणाला. “वहिनींना आपण दुसरीकडे कुठेतरी बसवू. मी शब्द देतो.”

मास्तर जागेवर येऊन बसले. खोटं कशाला सांगायचं, त्यांनी पाऊण तास विचार केला. वहिनी कुठेतरी बसतील, त्यांचं भागेल, आपलं नाव राहील. सही करा असं सांगताना कागदावर डोळे फिरवायला लागला होता एक मिनिट, आणि आता स्वतःवर आल्यावर पाऊण तास. हे मनात आलं तसे ते हलले. आधी सगळी नोंद उतरवून घेतली, मग ओळ काढली, आणि दोन पानांचं निवेदन लिहून समितीला पाठवलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं: फोन घेणाऱ्या बाईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे. थंडोबाला त्याची प्रत गेली तेव्हा तो काचेच्या खोलीतून नुसता बघत राहिला.

घरी पोचले तेव्हा दुपार कलायची होती. वहिनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, एकेचाळीस सेकंद, ती ओळ, आपलं नाव, सगळं. वहिनींनी एक चादर घडी करून ठेवली, मग दुसरी.

“म्हणजे मी म्हणत होते तसंच झालं होतं.”

“तसंच.”

“मी वाट बघितली होती.”

“हो.”

वहिनी खाली बसल्या. “तीन रात्री मी त्या बाईला मारत होते, भावोजी. डोळे मिटले की मारत होते. मला सगळं लख्ख आठवत होतं. पण तुम्ही म्हणालात मशीन खोटं बोलत नाही. मी स्वतःला खोटं ठरवलं, तुम्हाला नाही ठरवलं.”

मास्तरांना रडू आलं. वहिनींनी त्यांची समजूत काढली नाही, आणि ते बरंच झालं.

“शुक्रवारी काय होईल?”

“तुमचं नाव निघेल. माझं लागेल.”

“ते शुक्रवारी.” वहिनींनी पदराने चेहरा पुसला. “आधी त्या माणसाकडे चला. मी तिथे जाऊन हात दाखवून आलेय.”

सुताराचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. अर्धवट रंधा मारलेलं एक कपाट उभं होतं, खाली चार-पाच दिवसांच्या ढलप्या तशाच. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्या पायाशी लाकडाची पाचर ठोकलेली होती. वहिनींनी दार उघडं ठेवायला सांगितलं होतं तेव्हाची. त्याने ती अजून काढली नव्हती.

त्याने दोघांना स्टूल दिलं. मास्तर बसले नाहीत. जमेल तितक्या साध्या शब्दांत त्यांनी सांगितलं, की बाईंचा हात चुकला नाही. मशीन थांबलं होतं, आणि ते माझ्यामुळे थांबलं होतं.

सुताराने वहिनींकडे बघितलं.

“तुम्ही म्हणाला होतात,” तो म्हणाला. “दाबलंय हो, हलत नाहीये. दोनदा म्हणाला होतात. मी ऐकलं होतं.”

वहिनी स्टुलावरून उठल्या.

“मग परवा तुम्ही स्वतःच आलात आणि म्हणालात, हात चुकला. मला वाटलं, मीच भलतं ऐकलं. बायको तशी पडलेली, माझं डोकं कुठे ठिकाणावर. आणि मला कुणी विचारायलाही आलं नाही.”

तो मास्तरांकडे वळला. रागाने नाही. कपाटाचं माप विचारावं तसं त्याने विचारलं, “ती ओळ कशासाठी घातली होतीत?”

“फोनवर आवाज फुटत होता,” मास्तर म्हणाले. “माणसं काय म्हणतात ते नीट ऐकू यावं, म्हणून.”

सुताराने मान हलवली. हातातला लाकडाचा तुकडा खाली ठेवला.

“ऐकू येत होतं,” तो म्हणाला. “अगदी नीट ऐकू येत होतं.”