लाल रेघेचा दगड

रविवारचं जेवण आटोपलं की माझा धाकटा भाऊ देझिरे यायचा आणि कॉफी होईपर्यंत टेबलावर वस्तऱ्याच्या धारेचे दगड मांडून ठेवायचा. आमच्या साल्म नदीकाठच्या टेकड्यांच्या पोटातले हे पिवळे दगड एके काळी कुठकुठल्या न्हाव्यांकडे होते. आता खाणी बंद, दाढीला पाती आलेली. म्हातारा न्हावी गेला की त्याच्या खणातला दगड हौशी लोक शोधत फिरतात, आणि देझिरे तो त्यांना मिळवून देतो. पण कुठला दगड कसा, हे त्याला कळायचं ते माझ्या नवऱ्याकडून. फेर्नाँचा जन्म खाणीत गेला. छातीत धूळ बसल्यामुळे हल्ली त्याला जिनासुद्धा थांबत थांबत चढावा लागे.

त्या रविवारी तीन दगड होते. वस्तरे माझ्या दुकानातले. बाबांच्या मागे गावाची दाढी मीच करते. फेर्नाँने पहिल्या दगडावर पाणी टाकलं, दगडाच्याच छोट्या तुकड्याने घासून दुधासारखा गाळ काढला आणि वस्तरा आडवा फिरवला.

"धार चढते, पण रडतखडत."

दुसरा मऊ निघाला. "हा पातं भराभर खातो. पण शेवटचा हात दुसरीकडे द्यावा लागेल, नाहीतर गालाची आग आग."

तिसरा डागाळलेला, कडा झिजलेला. त्याच्यावर वस्तरा फिरताना आवाजच येईना. फेर्नाँने मनगटावरच्या केसाला पातं नुसतं टेकवलं, तो तुटून पडला.

"काय दाजी? आहे की नाही राजा?" देझिरे म्हणाला. "लिएज शहरातल्या एका न्हाव्याच्या खणातला. गेला बिचारा."

फेर्नाँ हसला नाही. त्याने दगड कुशीवर वळवला. पिवळा आणि जांभळा थर जुळतात तिथे केसाएवढी लाल रेघ होती. बाजूचा डाग त्याने नखाने खरवडला आणि नख नाकाशी नेलं.

"काजळी आणि तेल. हा दगड जुना नाही."

"काहीतरीच!"

"ही रेघ आम्हाला लागली त्याच सकाळी छत खाली आलं. ओगुस्त आत राहिला. या थरातला एक तुकडाही वर आलेला नाही, देझिरे. मालकांनी खाणीचं तोंडच बुजवलं."

ओगुस्त फेर्नाँचा खाणीतला जोडीदार. त्याची बायको अल्फोन्सीन अजून रिकाम्या थडग्यावर फुलं ठेवते.

"कुठून शिरतोस?" फेर्नाँने विचारलं.

देझिरे कपातली साखर ढवळत राहिला. "बीच झाडांच्या रानात खाणीत हवा सोडायचं भोक आहे ना, तिथून. आतली टेकूची लाकडं अजून ठणठणीत आहेत, दाजी."

"आणि दगड?"

"पडलेल्या ढिगातले. आयतेच फुटलेत."

"गाढवा, आता सगळं छत त्या ढिगावरच टेकलंय!" फेर्नाँला खोकला आला. तो ओसरल्यावर त्याने हळूच विचारलं, "ओगुस्त दिसला?"

"नाही."

इतक्या झटकन म्हणाला की मी वर पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा आत जाणार नाही अशी मात्र त्याने माझी शपथ घेतली.

त्याच आठवड्यात दाढीला आलेला एक लाकूडतोड्या सहज बोलून गेला, "तुमच्या भावाची गाडी रानात उभी दिसली." मी अर्धी दाढी तशीच टाकून घरी धावले. फेर्नाँ कोट न घालताच निघाला. चढावर तो झाडाझाडाला टेकत होता.

भोकातून गार वारा येत होता, आणि आतून हातोड्याचा आवाज. मी हाक मारली.

"आलोच, ताई! एवढा एक सुटतोय!"

फेर्नाँने तोंडाशी असलेल्या टेकूच्या लाकडावर तळहात ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "बोलायला लागलंय," तो म्हणाला. मीही हात ठेवला. लाकूड आतल्या आत करकरत होतं.

मग त्याने छातीत होता नव्हता तो सगळा श्वास घेतला आणि खाणीतल्यासारखा ओरडला, "छत!"

हातोडा थांबला. पावलं धडधडत आली. देझिरे कमरेपर्यंत बाहेर आला, मी त्याची कॉलर धरून ओढली, आणि त्याच्यामागे टेकडी आत बसली. भोकातून पिवळी धूळ उसळली. कितीतरी वेळ कुणाला कुणी दिसेना.

धूळ खाली बसली तेव्हा देझिरे गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. कुणी काही विचारलंच नव्हतं.

"होता तो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसला. बूट आणि एक हात. सांगितलं असतं तर लोकांनी त्याला काढून भोक बुजवलं असतं. म्हणून मी... वर दगड रचले."

लहानपणी मी ज्याला कडेवर घेऊन फिरले तो हाच का, असं वाटलं.

"चल," फेर्नाँ म्हणाला.

"कुठे?"

"अल्फोन्सीनकडे."

"दाजी, नको हो! आता तर तो सापडणारच नाही."

"म्हणूनच चल."

अल्फोन्सीन बटाटे सोलत होती. फेर्नाँने सांगितलं तेवढं तिने सुरी हातात धरूनच ऐकलं. डोळ्यांत पाणी नाही. मग तिने देझिरेला विचारलं, "हात कसा होता? मूठ आवळलेली, की उघडा? तडफडला का तो?"

देझिरेने माझ्याकडे पाहिलं. "उघडा."

खरं की खोटं, मलाही कळलं नाही.

ती उठली, दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर येऊन बसली.

"आता पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.