नदीपलीकडचा धूर

मित्रांनो, येवताळा नगरपालिकेच्या आवारात, कडुनिंबाखाली चाकांतली हवा गेलेली एक लाल गाडी उभी आहे. तुम्ही तिच्या टपावर चढून खेळता. ती गाडी म्हणजे मी. मी या गावाचा जुना अग्निशमन बंब.

माझा सांगाडा दूरच्या कारखान्यात तयार झाला, पण पाण्याची टाकी, पंप आणि शिडी नागपूरला बसवली. मी गावात आलो तेव्हा मला हार घातले होते, नारळ फोडला होता. बुधाजी माझे चालक झाले. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. खाऱ्या पाण्याने माझी टाकी आतून कुरतडली जाई, म्हणून बुधाजी दर पोळ्याला बैलांसारखी मलाही आंघोळ घालत आणि टाकी गोड्या पाण्याने धुऊन काढत.

येवताळा अमरावती जिल्ह्याच्या कडेला आहे. गावाखालून नदी जाते आणि नदी ओलांडली की अकोला जिल्हा लागतो. तिकडे बऱ्याच अंतरावर मोरझाडी नावाची दुसरी नगरपालिका आहे. तिचाही एक बंब होता आणि त्याचे चालक होते नत्थुजी. बुधाजी आणि नत्थुजी यांचे साधे ठरलेले असे. कुठे आग लागली की एकाने दुसऱ्याला फोन करायचा.

"तू जवळ हायस का मी?" एवढेच विचारायचे. जो जवळ असेल तो निघायचा.

ती माझी सुखाची वर्षे होती. मी मोरझाडीच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंज्या विझवल्या, तिकडच्या गोठ्यांतली गुरे वाचवली. लोक बुधाजींना गूळपाणी देत, ते मला मलाच दिल्यासारखे वाटे.

मग एका उन्हाळ्यात मी मोरझाडीला गेलो असताना इकडे येवताळ्याच्या बाजारओळीत आग लागली. मी परत येईपर्यंत दुकाने कोळसा झाली होती. लोक चिडले. "आपला बंब दुसऱ्याच्या दारी काहून?" असे विचारत त्यांनी नगरपालिकेला घेराव घातला. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. त्यांचे संसार जळले होते. पण त्यानंतर ठराव झाला, की मुख्याधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बंब हद्दीबाहेर जाणार नाही. मोरझाडीनेही तसाच ठराव केला. नत्थुजी निवृत्त झाले आणि तो फोनही थांबला.

मध्यंतरी एक आशा दिसली होती. दोन्ही गावांचे फोन एकाच खोलीत घ्यायचे, तिथूनच जवळची गाडी सोडायची, असे ठरत होते. नदीच्या पुलावर दोन्हीकडची मंडळी जमली, फोटो निघाले. पण ती खोली येवताळ्यात असावी की मोरझाडीत, यावर गाडे अडले ते कायमचे.

आता त्या दिवसाचे सांगतो. चैत्र संपत आला होता. दुपारी ऊन असे होते, की माझ्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. अग्निशमन केंद्रात फोन घ्यायला प्रतीक्षा बसली होती. कंत्राटावर लागलेली, शांत बोलणारी मुलगी. फोन वाजला.

"ताई, मी खिराळ्याहून उजैर बोलतो. आमच्या गादी कारखान्याले आग लागली. अब्बा अंदर हाय. त्याइचे पाय चालत नाही ताई. गाडी पाठवा!"

खिराळा म्हणजे पुलापलीकडचे पहिलेच गाव. उजैरचे वडील गयासुद्दीन तिथे कापूस पिंजून गाद्या भरत. आमच्या केंद्रातल्या गाद्याही त्यांनीच भरलेल्या. पण खिराळा अकोला जिल्ह्यात आणि मोरझाडीच्या वाट्याला.

"मोरझाडीले फोन केला का, भाऊ?" प्रतीक्षाने विचारले.

"केला. त्याइची गाडी दुसऱ्या आगीवर गेली. ते म्हणतात, येवताळ्याले सांगा."

प्रतीक्षाने मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. ते अमरावतीला बैठकीत होते, फोन बंद. मग तिने मोरझाडीला सांगितले, की निदान तुमच्याकडून मागणी तरी येऊ द्या. ते म्हणाले, मागणी आमच्या जिल्ह्याने करायची असते. अकोला जिल्ह्याच्या कार्यालयाने सांगितले, आधी तुमच्या जिल्ह्याला विचारा. ती एकेक फोन ठेवत होती, दुसरा लावत होती आणि मधूनमधून उजैरचा फोन पुन्हा वाजत होता.

मित्रांनो, माझी टाकी काठोकाठ भरलेली होती. बुधाजी स्टिअरिंग धरून बसले होते, इंजिन सुरू होते. आणि समोर, नदीपलीकडे, धुराचा काळा लोट आम्हाला इथून दिसत होता.

"पोरी, धूर दिसून राहिला मले," बुधाजी ओरडले. "अजून कोणाले विचारतं?"

प्रतीक्षा दारात आली. "जा काका. जे होईल ते माह्यावर येऊ द्या."

मी भोंगा वाजवत सुटलो. पूल तर चटकन संपला. पण खिराळ्यात पोचलो तेव्हा छप्पर खाली बसले होते. लोकांच्या हातात रिकाम्या बादल्या होत्या. उजैरला चौघांनी धरून ठेवले होते, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. कापसाच्या आगीत ज्वाळा कमी आणि धूर फार. गयासुद्दीन त्या धुरातच गेले होते.

बुधाजींनी नळी सोडली. मी पोटातले सगळे पाणी जोर लावून ओतू लागलो. तेव्हा गयासुद्दीन यांची बायको, कुलसुमबी, जवळ आली. ती रडत नव्हती. तिने नळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता काहून टाकून राहिले, भाऊ? राहू द्या. दुसऱ्या कोणाले लागन."

बुधाजी आग विझवत राहिले. परतताना पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोके टेकले.

चौकशी झाली. दोन्ही गावांत समन्वय नव्हता, असे त्यात निघाले. समन्वय ठेवायचा कोणी, हे निघाले नाही. परवानगीवाचून गाडी सोडली म्हणून प्रतीक्षाचे काम गेले. ती आता बडनेऱ्याला एका दुकानात बसते म्हणे. बुधाजी घरीच असतात, इकडे फिरकत नाहीत. मलाही भंगारात काढले. ठराव मात्र आहे तसाच आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी उद्या त्या फोनसमोर बसेल, कोणी साहेब होईल. तेव्हा आधी गाडी सोडा आणि मग जिल्हा विचारा. शेजारच्या गावाशी बोलून ठेवायचे ते आग लागायच्या आत बोलून ठेवा. मी इतकी वर्षे पाहिले आहे, त्यामुळे माझ्या सांगण्याने काही बदलेल असे मला वाटत नाही. तरी सांगतो, कारण माझ्याकडे आता दुसरे काही उरलेले नाही.

माझ्या जागी नवा बंब आला आहे. परवाच त्याला हार घातले. तो चकचकीत आहे, त्याची टाकी भरलेली आहे, तोंड नदीकडे करून तो उभा आहे. त्याला वाटते, फोन वाजला की आपण निघायचे.