शिंपडायचं का बुडवायचं

पाद्री व्हायचं म्हणून मी पुण्याकडं शिकायला गेल्तो. पहिली वर्षं बराबर गेली. मंग प्राचार्य म्हणाले, पुढचं शिक्षण एका पंथाचं, निवडा. कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे एका वर्गात, आख्खा माणूस पाण्यात बुडवणारे दुसऱ्या. सुट्टीत गावी, वाटूरला आलो आन बापाला विचारलं, "बाबा, आपण कोणत्या पंथाचे?"

"आपण मिशनचे."

"अहो, पण कोणत्या मिशनचे?"

"आपल्या!" बापानं असं बघितलं, जसा काय मीच येडा.

झालं असं, का जुन्या काळी दोन मिशनच्या गोऱ्या साहेब लोकांनी गावं वाटून घेतली, आन ती वाटणी नेमकी आमच्या सडकेवर येऊन थांबली. सडकेच्या अलीकडची घरं शिंपडणारी, पलीकडची बुडवणारी. चर्च दोघांत मिळून एकच. पाद्री कोणत्या बाजूचा, ह्या भांडणात कैक वर्षं पाद्रीच न्हाई.

रविवारी चर्चात दोन्ही बाजू माझ्यावर तुटून पडल्या. अलीकडचा कारभारी म्हणाला, "पोरगं शिंपडणारंच झालं पाहिजे." पलीकडचा कचरू उसळला, "मंग त्याच्या हातची भाकर आमी प्रभुभोजनाला घेणार न्हाई!"

साल दुष्काळाचं. बायका टँकरमागं पळून राह्यल्या, आन ह्यांचं हे! माझं डोस्कंच फिरलं. "अरे, तोंड धुवायला पाणी न्हाई, आन बुडवता कशात? माझ्या डोक्यात?"

कुणी हसलं बी न्हाई.

घरी द्वारकाकाकू वाट बघत बसल्ती. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. काकूचं माहेर धावड्याचं, हिंदू घरातली. लग्न करून आमच्यात आली, रोज प्रार्थना करायची, पण बाप्तिस्मा तेवढा राहून गेल्ता. आता घेतला तर माझ्याच हातून, हा तिचा हट्ट.

"तुमी ठरवून राह्यले, आन मी मरून राह्यले," ती चिडून म्हणाली. "थेंबानं दे, न्हाईतर डोहात दे. पण जल्दी दे बाबा."

"काकू, मला अजून अधिकार न्हाई. पाद्री होऊस्तोवर थांब."

"थांबते की. जाते कुठं?"

वैतागून मी शिंपडणारे निवडले. अजून परीक्षा व्हायची होती, तेवढ्यात तार आली. वाटूरला उतरलो तर काकूला अंगणात ठेवल्ती. कारभारी आन कचरू, दोघं बी दारात उभे.

मी म्हणालो, "चला, कबरस्तानात न्यायचं."

कारभारी खाली बघून म्हणाला, "तिचा बाप्तिस्मा झाल्ता का? न्हाई ना. मंग चर्चच्या कबरस्तानात कशी पुरायची?"

मी कचरूकडं बघितलं. कारभाऱ्याशी तो भांडंल, असं मला खरंच वाटलं.

"कारभारी बिलकुल बराबर बोलून राह्यला," कचरू म्हणाला.

उभ्या जन्मात हे दोघं पहिल्यांदा एकमेकाला बराबर म्हणाले. आन ते बी माझ्या काकूला बाहेर ठेवायला.