समोरच्या फुटपाथवरचा मालक

नुन्झिओला तुरुंगातून सोडताना सरकारने अट घातली: जिथे दारू विकतात तिथे पाऊल टाकायचं नाही. ज्याने साउथ फिलाडेल्फियात पाच बार आणि दोन हॉटेलं चालवली, माफियातल्या वरच्या मंडळींची नको ती कामं निस्तरली, त्याला ही अट! उरलं होतं एकच हॉटेल. त्याचा दारूचा परवाना माझ्या नावावर. नवरा आत दिसला की परवाना गेलाच, आणि दारूशिवाय आमच्या गल्लीत हॉटेल चालत नाही.

मग तो रोज सकाळी समोरच्या फुटपाथवर, न्हाव्याच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसे. त्याला चाखवायला मी वाटीत टोमॅटोची ग्रेव्ही घेऊन रस्ता ओलांडायची.

"अस्सुंता, लसूण करपवलास."

"मग ये आत आणि कर तूच!"

तो खो खो हसायचा. खोटं कशाला बोलू, माझा नवरा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण भरल्या हॉटेलात टेबलाटेबलाशी थांबून लोकांना आग्रह करणारा नुन्झिओ आठवला की आजही जीव तुटतो.

सात वर्षांनी आमच्या रोझाल्बाचं लग्न झालं. चर्चमधून सगळे थेट हॉटेलात आले. नुन्झिओ नवा सूट घालून पलीकडेच थांबला. कोपऱ्यावरच्या गाडीत सरकारी तपासनीस कॅमेरा घेऊन टपून बसलेला.

"पप्पा, पाचच मिनिटं या ना!" रोझाल्बा दारातून ओरडली.

"तुम्ही जेवा गं. मला इथून सगळं दिसतंय."

माझं डोकंच फिरलं. भिंतीवरचा परवाना उतरवला, तरातरा रस्ता ओलांडला आणि तपासनिसाच्या मांडीवर आपटला.

"घ्या! आजपासून इथे दारू बंद. बाटल्याही घेऊन जा."

"बाई, विचार करा. हा परत मिळायचा नाही."

"सात वर्षं तेच केलंय."

नुन्झिओ धावत आला. "वेड लागलंय का तुला? उद्या खाणार काय?"

"आज पोरीच्या लग्नाचं खा. चल."

वर्षभरात हॉटेल बसलं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या दुपारी हॉटेलातल्या पोरांनी शेवटची बाटली त्याच्या गाडीत टाकली, तपासनिसाने मान डोलावली, आणि नुन्झिओ दारापाशी आला. पायपुसण्यावर बूट पुसले, हॅट काढली.

"अस्सुंता," त्याने हळूच विचारलं, "मी बसू कुठं?"