पाठमोरे घोडे

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि खणखणत, गिरक्या घेत कपाटाखाली जाऊन गप्प झालं. दुपारची सामसूम पार मोडली. टेबलाशी लिहीत बसलेल्या तिने आधी आतल्या खोलीकडे कान दिला. तिथे झोपलेल्या लेकीची, भिंगरीची, काही चाहूल नव्हती. मग मान न वळवताच तिने विचारलं, "बाबा, कितवं बिस्किट?"

"पहिलंच." तोंड भरलेलं होतं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"झाकण जपून उघडा, असं नव्हतं सांगितलं."

एरवी ती हसली असती. पण पाच वाजेपर्यंत मजकूर अक्षरं कोरणाऱ्याकडे पोचवायचा होता आणि समोरचा जुना फोटो तिला पुढे सरकू देत नव्हता. पालिकेच्या जुन्या वास्तूंच्या कचेरीत ती कामाला होती. शहराच्या वेशीपाशी दगडी फलक बसायचा होता, त्यावरचं लिखाण साहेबांनी तिच्यावर सोपवलं होतं. "तुमच्या घरचंच कार्य," ते म्हणाले होते. खोटं नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी वेशीला तडे गेले, तेव्हा ती दगड दगड उतरवून पुन्हा उभी करणारा पाथरवट म्हणजे तिचे बाबा. अजूनही बाजारात लोक त्यांना 'वेसवाले' म्हणत.

सुरुवात झरझर लिहून झाली होती. दोनशे वर्षांपूर्वी गावाला तट होता, त्याचं हे दार. पुढे तट ढासळला, त्याचे दगड लोकांनी आपापल्या घरांच्या पायात घातले. भिंत गेली, दार उरलं. आता दोन्ही बाजूंनी मोकळा रस्ता असला, तरी माणसं मुद्दाम वाकडी वाट करून कमानीखालूनच जातात. कमानीच्या दोन खांद्यांवर दगडात कोरलेले दोन घोडे, एकमेकांकडे पाठ करून. एक उगवतीकडे बघतो, दुसरा मावळतीकडे; त्यांचा रात्रंदिवस पहारा, अशी आख्यायिका. नवराबायकोचं बिनसलं की शेजारी विचारतात, "झाले का वेशीवरचे घोडे?"

आणि साठ वर्षांपूर्वीच्या या फोटोत घोडे चक्क समोरासमोर होते.

तिने फोटो बाबांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला.

"कुठे मिळाला?"

"कचेरीच्या जुन्या दप्तरात."

"मला वाटलं, वाळवीने खाल्ला असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"चारशे अकरा दगड उतरवले. एकेकाच्या पाठीवर मी स्वतः काळ्या रंगाने आकडा घातला. फक्त या दोघांवर नाही. म्हटलं, घोडे काय कुणी विसरतंय? अतिशहाण्याचा बैल रिकामा!" बाबांनी चष्मा काढला. "ते चढवायच्या दिवशी खालून मुकादम ओरडला, मुलगी झाली, पळ! म्हटलं, एवढे दोन बसवतो नि निघतो. दोन्ही एका मापाचे. मी परांचीवर मागच्या अंगाला, मला दिसतेय दगडाची कोरी पाठ. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. आणि मी धूम ठोकली. चौथ्या दिवशी येऊन बघतो, तर परांची उतरलेली आणि चुना धरलेला."

"कुणी काही बोललं नाही?"

"पाहणीला तेव्हाचे साहेब आले. म्हणाले, हे असेच होते का हो? मी म्हटलं, असेच तर होते! एक उगवतीकडे बघतो, एक मावळतीकडे."

"ती गोष्ट तुम्ही रचलीत? बाबा, शाळेत मी ती भाषणात सांगून बक्षीस आणलंय!"

"तेव्हा मी तुला अडवलं का?"

"आणि आईला?"

"तुझ्या बारशाआधीच सांगितलं. वेशीखालून जाताना तिने कधी वर पाहिलं नाही. माझ्याकडे बघायची आणि तोंड दाबून हसायची."

तिने पेन खाली ठेवलं. आख्यायिका इतिहास म्हणून लिहावी, तर आपल्याच हाताने खोटं. खरं लिहावं, तर वेसवाल्यांच्या वेशीवर त्यांचीच चूक.

"तुम्हीच सांगा, काय लिहू? दगडात कोरणार आहेत. मागाहून बदलता यायचं नाही."

"माझंही तेच झालं होतं," बाबा म्हणाले. "खरं तेच लिही. फक्त 'चुकून' नको. 'घाईत' लिही."

"घाई कसली, तेही लिहू?"

"ते कशाला?" त्यांनी फोटो उगाचच सरळ करून ठेवला. "जागा उरली तर लिही."

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "घोड्यांच्या जागा घाईत बदलल्या गेल्या. त्या दिवशी पाथरवटाला मुलगी झाली होती." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मान मात्र हलली: राहू दे, असंच.

दारात भिंगरी उभी होती, केसांचं टोपलं आणि हातात ओढत आणलेलं पांघरूण. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. ती येऊन आईच्या मांडीवर चढली.

"आई झाली म्हणून आजोबांनी घोडे उलटे बसवले?"

"हो गं बाई," बाबा म्हणाले. "कधी एकदा तिला बघतो, असं झालं होतं मला."

भिंगरीने यावर पुरेसा विचार केला. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग मी झाले तेव्हा तुझं काय चुकलं?"