चौथ्या घरचं पाणी

पहिलीच्या पोरांना गोष्ट नुसती वाचून दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुस्तकातली मराठी त्यांना परकी आणि माझा आवाज रटाळ. म्हणून सत्तावन्न साली, खाडीकाठच्या आमच्या शाळेत, मी गोष्टींची नाटकं करून घ्यायला लागले. त्याचा मला गर्वही झाला होता, खोटं कशाला बोलू?

गोष्ट तहानलेल्या म्हातारीची होती. तीन घरं तिला हाकलून देतात, चौथ्या घरची गरीब पोर पाणी देते. म्हातारी झाली पद्मावती, दुकानदार काशिनाथशेठांची नात. चौथं घर कावेरीचं. तिची आई यशोदा मासे विकायची. तालमीत तांब्या रिकामाच असे. "पण खरं वाटलं पाहिजे हां," मी रोज बजावायची.

कावेरीने ते मनावर घेतलं. पालकांसमोर नाटक होतं त्या दुपारी ती देवबागेतल्या घरून वाळू तुडवत आली, चिंचेने घासलेल्या, विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तांब्यावर हात धरून.

"बाई, आमच्या बावीचा पाणी आणलंय. पद्मान पिऊक होया!"

मी पडदा बांधण्याच्या गडबडीत होते. "शाब्बास," म्हटलं.

तीन दारं फिरून पद्माच्या घशाला खरीच कोरड पडली होती. तिने तांब्या तोंडाशी नेला आणि पुढच्या बाकावरून काशिनाथशेठ उठले.

"पद्मे! कोणाच्या घरचा पाणी ता?"

पोर थिजली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी शेपूट घातलं. तिच्या हातून तांब्या घेतला, पायरीवर ओतला, रिकामा परत दिला. म्हटलं, "आता पी."

पद्मा गटागटा हवा प्यायली. शेठ खाली बसले. टाळ्या पडल्या. दाराबाहेर उभी असलेली यशोदा टोपली उचलून निघून गेली. कावेरी मात्र ओल्या पायरीकडे बघत शेवटपर्यंत आपल्या जागी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "सांगा, म्हातारीला पाणी कोणी दिलं नाही?"

"तीन घरांनी!" पोरं ओरडली.

कावेरीने हात वर केला. "तुमी, बाई. मी दिललंय. तुमी ओतलास."

उद्धटपणा नव्हता त्यात. गोष्ट समजलेली साऱ्या वर्गात ती एकटीच होती. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं, "कोणी दिलं नाही?"

"तीन घरांनी!"

"बरोबर," मी म्हटलं.