बाहेरून ऐकलेलं इंजिन

कांबळ्यांच्या घरी गाडी आली ती भाजी, औषधं आणि माणसं वाहायला. पांढरी, सेकंडहँड, पाच दारांची हॅचबॅक. बदलापूरला, बेलवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली तशाच आणखी चार उभ्या असायच्या. सगुणाबाई तर दोनदा दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढत बसल्या होत्या.

गाडी सगळ्यात जास्त चालवायची शीला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी सहाला निघायचं, बदलापूर ते उल्हासनगर घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून दहापर्यंत लॅबला पोचवायचा. तिचा नवरा मिलिंद अंबरनाथ एमआयडीसीत टर्नर. तो शेअर रिक्षाने जायचा. शनिवारी त्याच्या आईला, म्हणजे सगुणाबाईंना, गुडघ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. एवढंच त्या गाडीचं काम.

पण मिलिंद तिच्याकडे बघायचा तेव्हा त्याला दुसरीच गाडी दिसायची.

बावीस वर्षांचा असताना तो दर रविवारी उल्हासनगर कॅम्प चारला, हरेश लालवानीच्या गॅरेजमध्ये पडीक असायचा. हरेश तेव्हा रॅलीच्या गाड्या बनवायचा. साधी घरगुती गाडी यायची आणि दीड महिन्यात अशी होऊन जायची की नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटावं. एकदा हरेश म्हणाला होता, "पुढच्या महिन्यात शर्यत आहे. तू चलाएगा. तुला गाडी कळते." त्या पुढच्या महिन्यात मिलिंदचे वडील गेले. नोकरी धरावी लागली, धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं. मिलिंदने कुणाला दोष दिला नाही. पण रस्त्यावरून एखादी गाडी वळणावर घट्ट धरून गेली, की बोलता बोलता तो थांबायचा. समोरच्याला वाटायचं याला काहीतरी आठवलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी, गणपतीच्या सुट्टीत, हरेशने त्याला फोन केला.

"मिलिंद, मी दिवाळीनंतर शटर पाडतोय. मुलगा पुण्याला बोलावतो. तुझी ती गाडी बनवायची असेल तर आत्ता. बाद में मेरे को मत बोलना."

मिलिंदने फोन ठेवला आणि खाली जाऊन नुसताच गाडीजवळ उभा राहिला. शीला खिडकीतून बघत होती. तो वर आल्यावर म्हणाला, "शीला, गाडी थोडी बदलायची म्हणतोय."

"थोडी म्हणजे?"

"थोडी म्हणजे... बरीच."

"माझा डबा राहील ना तिच्यात?"

"डबा राहील. आई पण राहील."

"मग करा," ती म्हणाली. नंतर तिला याचा पश्चात्ताप झाला.

दर रविवारी सकाळी गाडी कॅम्प चारला जाऊ लागली. मिलिंदला गाडी खाली बसवायची होती, शर्यतीच्या गाडीसारखी. हरेशने हात जोडले. "खाली नको. बेलवलीचे स्पीडब्रेकर पोट फाडतील. उंची राहू दे, कडक कर." मग जाड स्प्रिंगा आल्या, नवे शॉकअप आले. टायर रुंद झाले. ब्रेकचे पॅड बदलले. हवा मोकळी ओढणारा फिल्टर बसला, आणि हरेशच्या ओळखीच्या एका माणसाने लॅपटॉप जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून दिली. सायलेन्सर मात्र मिलिंदने बदलू दिला नाही. "आवाज करून शायनिंग नाही मारायची," तो म्हणाला. वळणात गाडी घट्ट राहावी म्हणून पुढच्या दोन शॉकअपची डोकी जोडणारी आडवी दांडी त्याने स्वतः केली, कंपनीत साहेबांची परवानगी काढून, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या लेथवर. तिला कानशीने घासताना त्याचा चेहरा बघून शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "कांबळे, पोरीचं लग्न आहे का?"

घरी मात्र तक्रारी सुरू झाल्या. शनिवारी मागच्या सीटवर सगुणाबाई प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणायच्या. "आधी गुडघा दुखायचा, आता कंबर. डॉक्टरला काय सांगू? पोराने गाडी सुधारली म्हणून?"

शीला जास्त बोलली. एक दिवस लॅबमधून दोन नमुने परत आले, हलून खराब झालेले. त्या बायकांच्या घरी जाऊन पुन्हा सुई टोचावी लागली. त्या दिवशी तिने जेवताना ताट बाजूला सारलं. "ही गाडी माझी पण आहे. एक म्हातारी रडली आज माझ्यामुळे. तुमच्या स्प्रिंगांमुळे."

"जुन्या परत लावतो," मिलिंद म्हणाला, पण ते म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की शीलानेच नको म्हणून मान हलवली.

"राहू द्या. मी बघते."

आणि तिने बघितलं. ती वेगळी चालवायला लागली. खड्डा लांबून हेरायचा, ब्रेक आधीच हलका दाबायचा, वळणात स्टिअरिंग एकदाच वळवायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. डब्यातलं पाणी डचमळलं नाही पाहिजे, एवढाच तिचा हिशोब. महिनाभरात एकही नमुना परत आला नाही, आणि ती लॅबला आधीपेक्षा दहा मिनिटं लवकर पोचू लागली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही.

डिसेंबरात वांगणीच्या पुढे एका माळावर एका क्लबने शर्यत ठेवली. मातीचा ट्रॅक, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा. सुरक्षेचं सगळं होतं, हेल्मेट, पट्टे, अँब्युलन्स. हरेशचं गॅरेज बंद झालं होतं, तरी तो पुण्याहून आला. शीला डबा घेऊन आली होती, या वेळी पोळीभाजीचा.

मागची सीट काढलेली गाडी रेषेवर उभी राहिली. मिलिंदने चोवीस वर्षं या मिनिटाची वाट पाहिली होती. त्याने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.

झेंडा पडला आणि तो सुटला. पहिल्या वळणापर्यंत सगळं मनातल्यासारखं झालं. मग इंजिन वर चढलं आणि त्याला त्यातला एकेक भाग ऐकू यायला लागला. क्लचप्लेट तापतेय. उजवा टायर घासतोय. ती दांडी ताण घेतेय. जी गाडी त्याने हाताने उघडली होती, तिला तो दुखवू शकत नव्हता. जिथे दाबायला हवं तिथे त्याचा पाय उचलला जात होता, आणि मग उशीर झाला म्हणून घाईत तो स्टिअरिंगशी झटापट करत होता. तीन फेऱ्या मिळाल्या. सगळ्यात चांगली एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांची. बावीस गाड्यांत एकोणिसावा.

उतरल्यावर त्याने हेल्मेट काढलं आणि टायर बघायला खाली वाकला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. शीलाने पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात माइकवरून हाक आली. महिलांच्या गटात तीनच नावं होती, आणखी कुणी आहे का?

हरेश शीलाकडे वळला. "भाभी, तुम्ही घ्या एक राउंड. लायसन आहे ना?"

"काहीतरीच काय! मी सलवार-कुर्त्यात आहे."

"गाडीला काय कळतं?"

तिने मिलिंदकडे पाहिलं. तो सरळ उभा राहिला आणि हातातलं हेल्मेट त्याने तिला दिलं. पट्टा त्यानेच आवळला.

शीला निघाली ती अगदी साधी निघाली. धूळसुद्धा फार उडाली नाही. लोक आपापसात बोलत राहिले. पण दुसऱ्या वळणावर हरेशचं बोलणं थांबलं. गाडी वळणात शिरत होती आणि न अडखळता बाहेर पडत होती, कुणीतरी अलगद पुढे सरकवावी तशी. मिलिंद कुंपणाच्या दोरीला धरून उभा होता. ती गाडी अशी पळताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकली. आतून जे कण्हणं वाटत होतं, ते बाहेरून गाणं होतं. तो आवाज चढत गेला, उतरला, पुन्हा चढला.

एक मिनिट एकोणपन्नास.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीला हेल्मेट काढून हसत होती, केस कपाळाला चिकटलेले. ती धावत आली आणि हेल्मेट तिने त्याच्या हातात दिलं.

"छान चालवलीस," तो म्हणाला.

"अहो, गाडीच छान आहे."

महिलांत ती पहिली आली. फेब्रुवारीत नाशिकच्या शर्यतीला या, म्हणून क्लबवाल्यांनी नंबर घेतला. आठवडाभर घरात मिठापासून गॅसपर्यंत सगळं बोलणं झालं, एवढंच सोडून. शेवटी रविवारी चहा ठेवताना शीला म्हणाली, "मी नाशिकला नाही जात."

"का?"

"ते तुमचं होतं."

मिलिंद ओट्याला टेकला. "शीला, खोटं नाही बोलत. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. तू लाइनवरून निघालीस ना, तेव्हा मला असं झालं की मी तिथे असायला पाहिजे होतो. मी, आजचा नाही, बावीस वर्षांचा." त्याने गॅस बारीक केला. "पण तू नाही गेलीस तर तो आवाज मला परत ऐकायला मिळणार नाही. जा तू."

मग रविवार पुन्हा सुरू झाले. हरेश फोनवरून सांगायचा, मिलिंद बिल्डिंगखाली पाठीवर झोपून पाने फिरवायचा. आता तो शीलाच्या हाताला जुळेल अशी गाडी लावत होता. स्प्रिंगा थोड्या मऊ बसवल्या, ते सगुणाबाईंनाही मानवलं. ब्रेकचं पेडल तिच्या पायाला आणखी जवळ पडेल असं घेतलं. बारवी धरणाच्या रस्त्यावर सकाळी मोकळी वळणं मिळायची. तिथे ती बेताच्या वेगात चालवायची आणि तो डाव्या सीटवर बसून ऐकायचा.

नाशिकला ती पाचवी आली. मिलिंदला ट्रॅकपासून फार लांब उभं केलं होतं, त्याला फक्त धूळ दिसली. परतताना कसाऱ्याला चहाला थांबले तेव्हा त्याने विचारलं,

"ते मोठं वळण होतं ना, टेकाडाच्या पलीकडे. तिथे आत कसं वाटत होतं?"

शीलाने कप खाली ठेवला. "आधी काहीच दिसत नाही. नुसतं आभाळ. मग गाडी थोडी हलकी होते, पट्टा खांद्याला लागतो. आणि मग टायर जमीन धरतात ते हाताला कळतं."

"हाताला कळतं?"

"हो. अगदी बोटांना."

मिलिंदने स्वतःची बोटं टेबलावर पसरली, काळ्या रेघा भरलेली. चहा निवत चालला होता.

"परत सांग," तो म्हणाला. "टेकाडापासून सांग. सावकाश."